साडूच्या हातातला लाल ठिपका

अकोल्यात डाबकी रोडच्या बाजूला ज्यांनी ज्यांनी घराला अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या, त्यांच्यापैकी निम्म्यांच्या घरात उद्धव बोचे खुर्चीवर चढून गेलेला आहे. सोबत त्याची बायको तारा. तारा टेपचं शून्याचं टोक भिंतीला दाबून धरायची आणि उद्धव पोलादी पट्टी ओढत पलीकडे जायचा. ही त्यांची कामाची रीत. नवं गिऱ्हाईक बाईमाणसाला शिडीवर चढलेलं पाहून चपापायचं, पण तारानं धरलेलं टोक हलत नाही हे शहरातल्या मिस्त्र्यांना पक्कं ठाऊक होतं. काचेच्या धंद्यात किंमत असते ती सुताला, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्श्याला. काच सूतभर मोठी झाली तर चौकटीत जात नाही, आणि जास्त लहान झाली तर पावसाळ्यात पलंग भिजतो. उद्धवचं माप सूतभरही चुकत नाही असं लोक म्हणायचे. लोक म्हणायला विसरले तर उद्धव स्वतः म्हणायचा.

माणूस वाईट नव्हता. कोणाच्या अडीअडचणीला धावून जायचा, मयतीला सगळ्यांत आधी पोचायचा. खोड एकच होती, दुसऱ्याचं बरं झालेलं त्याला पाहवायचं नाही. शेजाऱ्याच्या कूलरची हवा जास्त गार आहे असं कोणी म्हटलं, तरी याला जेवण जात नसे. दुःखात हा माणूस तुमचा सख्खा भाऊ. सुखाची बातमी मात्र त्याला जरा बेतानं सांगावी लागायची.

आणि अशा माणसाला देवानं साडू दिला कुलदीपसारखा.

बाळापूरच्या रामरावांना दोन मुली. थोरली तारा अकोल्यात दिली, धाकटी पौर्णिमा अमरावतीत. धाकट्या जावयाचं, म्हणजे कुलदीपचं, अमरावतीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि ते काही चालत नव्हतं. तेव्हा रामरावांनी थोरल्या जावयाला शब्द टाकला, "उद्धवराव, लायन्या जवायाले तुमच्या लाइनीत घ्या." उद्धवनं घेतलं, आणि अगदी मनापासून शिकवलं. काच कशी कापायची, चौकटीचे कोपरे कसे पाहायचे, भिंत वाकडी असेल तर माप कुठं घ्यायचं, हातचं काही राखून ठेवलं नाही. शिकणारा तेव्हा पायरीनं खाली होता, त्यामुळे त्याच्यावर माया करणं सोपं होतं. पुढं त्यानं अमरावतीत स्वतःचं दुकान टाकलं, मग त्या दुकानाचा मजला वाढला, आणि उद्धवची माया पातळ होत गेली.

गेल्या दिवाळीत दोन्ही जावई बाळापूरला आले. ओसरीवर चहा चालला असताना कुलदीपनं खिशातून मुठीएवढं, मोबाइलपेक्षा जाड यंत्र काढलं आणि भिंतीला टेकवून बटण दाबलं. समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटला, टुक आवाज झाला आणि ओसरीची लांबी इंच-सुतासकट यंत्राच्या पडद्यावर आली. बसल्या जागी. ना खुर्ची, ना टेप, ना पलीकडे धरायला कोणी.

"अरे बापा," रामराव म्हणाले, "हे कसं मोजते?"

"मामाजी, उजेड जाते, भिंतीले लागते अन् वापस येते. किती येळ लागला त्याच्यावरून लांबी."

"उजेडाले काय येळ लागते? बटन दाबलं की खोलीभर."

"थेच तं. एक फूट जाऊन वापस याले सेकंदाच्या अब्जाव्या हिश्शाचे दोन हिस्से. सुतापर्यंत जाचं म्हनलं तं इतकी बारीक घडी या लायन्या यंत्रात कुठून आनाची? म्हनून हे येळ मोजत नाई. उजेड लय जोरात कमी-जास्त, कमी-जास्त करते. जाताना एक ठेका असते, वापस येते तवा तो ठेका मागं पडलेला असते. आपल्या भजनात एकाची झांज मागं पडली, तं किती मागं पडली हे तुमाले समजते का नाई?"

"समजते ना. गन्या तं दर गुरवारी मागंच असते." रामराव खूश झाले. मग जरा विचार करून म्हणाले, "पन पुरा एक ठेका मागं पडला तं? मंग तं बरोबरच वाजन."

उद्धवला वाटलं, सासऱ्यानं बरोबर नाडी पकडली, आता अडकला गडी. पण कुलदीप हसला. "वा मामाजी! म्हनूनच थे एका चालीत नाई गात. दोन-तीन येगयेगळ्या चाली लावते. सगळ्या चालींत जे अंतर जुळते, थे खरं."

रामरावांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. उद्धवच्या पाठीवर अशी थाप लग्नातसुद्धा पडली नव्हती. एवढंही त्यानं कसंबसं गिळलं असतं, पण तारा यंत्र हातात घेऊन, उलटंपालटं करून, लहान पोरीसारखी म्हणाली, "चांगलं हाये बाई! मले आता शिडीवर चढा नाई लागनार." उद्धवच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं ही आपल्या टेपचं टोक धरून उभी राहिली, ती काय सुटकेची वाट पाहत? त्यानं चहा अर्धा ठेवला. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मार्चमध्ये कुलदीप एका लग्नाला अकोल्यात आला. तिथून त्याला धारणीकडे जायचं होतं. जीपच्या धुळीत यंत्र नको म्हणून तो ते उद्धवकडे ठेवून गेला. सासूच्या तावडीत नवी सून सापडावी तसं ते यंत्र उद्धवच्या हाती लागलं. दुपारच्या उन्हात तो त्याला अंगणात घेऊन गेला. बाळापूरच्या ओसरीवर लखलखणारा ठिपका अकोल्याच्या उन्हात गेला कुठं ते दिसेना, आणि पडद्यावर आकड्याऐवजी चुकीची खूण आली. सूर्याचा एवढा उजेड, त्यात वापस आलेला चिमूटभर उजेड ते ओळखणार कसं? उद्धवला गोड वाटलं. मग त्यानं दोरीवर काळी छत्री अडकवली. काळं कापड उजेड खाऊन टाकतं, वापस देत नाही. पुन्हा खूण. मग दुकानातली कोरी काच उभी केली, तर ठिपका काचेतून आरपार जाऊन मागच्या भिंतीचं माप घेऊन आला. आरशावर तिरपा मारला, तर ठिपका आरशावरून उडून भलतीकडेच गेला आणि आकडा आला तो शेजाऱ्याच्या माडीपर्यंतचा. ताराचं बादलीतलं पाणीही त्यानं सोडलं नाही.

"लेकरासारखे काय खेळून राह्यले?" तारा म्हणाली.

"खेळून नाई राह्यलो, तपासून राह्यलो. नुसतं खोटं बोलते हे."

सगळ्यांत मोठी चोरी सापडली ती शेवटी. दुकानाच्या शटरची रुंदी उद्धवला तोंडपाठ होती. यंत्रानं ती साडेचार इंच कमी दाखवली. उद्धवनं टाळीच वाजवली! पण मग जवळचा चष्मा लावून पाहिलं, तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात यंत्राचं बारीकसं चित्र दिसलं. त्याच्या वरच्या कडेला रेघ होती. बाजूचं एक बटण दाबलं की रेघ खालच्या कडेला यायची, पुन्हा दाबलं की वर. रेघ खाली असली की माप यंत्राच्या बुडापासून, वर असली की तोंडापासून. बूड भिंतीला टेकवून मोजायचं आणि रेघ वर राहिली, तर यंत्राची स्वतःची लांबी मापातून गळते. ती रेघ त्याच्याच हातून चाळता चाळता वर गेली होती. म्हणजे यंत्र खोटं नव्हतं. उद्धवनं हिरमुसून रेघ पुन्हा खाली आणली.

कुलदीप परतल्यावर उद्धवनं त्याच्यापुढे बाकी सगळ्या चुका वाढल्या. ऊन, काळं कापड, काच, आरसा. कुलदीप मान डोलवत राहिला. "बरोबर हाये भाऊ. म्हनून मी उन्हात सकाळचं काम घेतो अन् पलीकडं पांढरं कार्ड धरतो. पांढऱ्यावरून उजेड चांगला वापस येते. तिरपं मारत नाई. तुमी मात्र एका दिवसात सारं काढलं, मले तीन महिने लागले." स्तुती होती, आणि खरी होती. ज्याच्या घरात खोट काढायला जावं त्यानंच पाट मांडून बसवावं, असं झालं. उद्धवला ती स्तुती शिवीपेक्षा झोंबली.

एप्रिलमध्ये कुलदीपला मोठं काम लागलं. अमरावतीत बडनेरा रस्त्याला नवं मंगल कार्यालय होत होतं, त्याचा सगळा दर्शनी भाग काचेचा. एवढं काम दोघांपैकी कोणीही कधी केलं नव्हतं. ही काच साधी नव्हती. नागपूरला मापं पाठवायची, तिथं काच कापून भट्टीत भाजून कडक करायची. भाजल्यावर तिला ना कापता येतं, ना घासता येतं. माप चुकलं की सगळी काच भंगारात, आणि सोबत दुकानही. कुलदीपनं उद्धवला फोन केला. "भाऊ, तुमी नुसते बाजूले उभे राहा. तुमी असले की मले धीर येते." पौर्णिमाची भेट होईल म्हणून तारापण निघाली.

कार्यालयाचे खांब काळ्या, आरशासारख्या घोटीव ग्रॅनाइटचे होते. मालक यायला उशीर झाला आणि ऊन चढलं. काळा खांब, वर चकाकी, वर ऊन. उद्धव मनात म्हणाला, आता पाहतो बेट्या. पण कुलदीपनं पिशवीतून पांढरं कार्ड काढलं आणि सहज म्हणाला, "ताई, तुमी धरसान का कार्ड? तुमच्यासारकं टोक अख्ख्या वऱ्हाडात कोनी धरत नाई."

"धरीन ना, त्यात काय," म्हणत तारा उठली. पदर खोचला आणि खांबाकडे निघाली. हसत.

उद्धव पायरीवर चहाचा कप घेऊन बसलेला. यंत्र त्याच्या शेजारी कट्ट्यावर होतं. तिकडे कुलदीप ताराला कार्ड कुठं, कसं टेकवायचं ते दाखवत होता आणि ती अशी मन लावून ऐकत होती, जशी पूर्वी फक्त उद्धवचं ऐकायची. याला आपण पट्टी धरायला शिकवलं. यानं आपली विद्या नेली, आपला सासरा नेला, आणि आता आपली बायकोसुद्धा टोक धरायला नेली. असं सरळ त्याच्या मनात आलं, आणि हात यंत्राकडे गेला. चष्मा खिशात होता. पण कुलदीपसमोर चष्मा लावला तर म्हातारा दिसेन म्हणून तो कधीच लावत नसे, आत्ताही लावला नाही. गरजही वाटली नाही. कोणतं बटण ते बोटाला ठाऊक होतं. रेघ खालीच असणार, कुलदीप नेहमी बुडापासूनच मोजतो. त्यानं एकदाच दाबलं. टुक. मान वर केली तर खांबापाशी उभी असलेली तारा त्याच्याकडेच पाहत होती. त्यानं कप तोंडाला लावला.

कुलदीप आला, यंत्र उचललं, बूड खांबाला टेकवलं आणि मापं घ्यायला लागला. पहिलं माप झाल्यावर म्हणाला, "भाऊ, टेप हाये ना खिशात? एक माप टाकून पाहू का?"

टेप होता. तो उद्धवच्या खिशात नसेल असा दिवस उगवला नव्हता.

"काहाले?" उद्धव म्हणाला. "तुयं यंत्र हाये ना."

पुढचे दिवस उद्धवनं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. आधी चार दिवस तो मनात मांडे खात होता. मालक ओरडतोय, कुलदीप मान खाली घालून उभा आहे, आणि शेवटी सासरा म्हणतोय, उद्धवरावच्या टेपले तोड नाई. मग त्याच चित्रात पौर्णिमा दिसायला लागली. कामासाठी तिनं आपल्या अंगावरचं सोनं बँकेत ठेवलंय हे ताराकडून कळलं होतं. उद्धवनं दोन-तीनदा फोन हातात घेतला. "एक माप पुन्हा पाहून घे" एवढंच म्हणायचं होतं. काहून म्हणून विचारलं तर काय सांगणार? फोन ठेवला. भट्टी लागली असेल आता, असं म्हणून स्वतःची समजूत घातली. तारा त्याला काही विचारत नव्हती, आणि ती विचारत नाही याचीच त्याला जास्त भीती वाटत होती.

मे महिन्यात कुलदीपचा व्हिडिओ आला. काचा बसल्या होत्या. एकेक काच चौकटीत अशी गेली होती, जणू तिथंच उगवली. उद्धवनं व्हिडिओ पाहिला आणि त्याचा जीव एक श्वासभर खरोखर भांड्यात पडला. दुसऱ्या श्वासाला जळफळाट सुरू झाला. साडेचार इंच गेले कुठं? बटण दाबलं होतं, टुक ऐकलं होतं. तरी माप बरोबर! या यंत्रानं माझं पापसुद्धा पचवलं, असं त्याला वाटलं आणि त्याला यंत्राचाच हेवा वाटू लागला. आपण या वयात कुठवर घसरलो हे त्याचं त्यालाही कळत होतं, पण हेवा काही थांबत नव्हता.

यंदा अधिक महिना आला, म्हणजे धोंड्याचा महिना, जावयांच्या कौतुकाचा. रामरावांनी दोघांना जोडीनं बाळापूरला बोलावलं. भर दुपारी पाट मांडले, रांगोळ्या काढल्या. सासूबाई कौशल्या यांनी दोघांना कुंकू लावलं, अनारशांचं वाण दिलं आणि पुरणाचे धोंडे वाढले. तारा आणि पौर्णिमा तूप वाढत होत्या. पहिला घास घ्यायच्या आधी कुलदीप म्हणाला, "मामाजी, एक गोष्ट सांगाची हाये. मी कोनाले सांगतली नाई, पौर्णिमालेबी नाई."

पौर्णिमानं तुपाची वाटी खाली ठेवली.

"मंगल कार्यालयाच्या आदल्या दिवशी मी परतवाड्याले एका दुकानात माप घ्याले गेलो होतो. तिथं कट्ट्याच्या काठापासून मोजा लागत होतं, म्हनून यंत्राची रेघ वर, तोंडावर केली. अन् खाली कराची इसरलो. तसंच थे दुसऱ्या दिवशी कामावर नेलं. नागपूरले भट्टी लागली, तवा मले आठवलं. मामाजी, मी चार दिवस अन्नाले शिवलो नाई. साडेचार इंच कमी म्हंजे मी संपलो होतो. पौर्णिमाचं सोनं गेलं होतं. मंग भीत भीत यंत्र काढून पाह्यलं तं रेघ खाली. बुडावर. म्यां केली नाई. त्या दिवशी यंत्र माया हातातून सुटलं थे फक्त चहाच्या टाइमाले, अन् तिथं एकच मानूस बसला होता." तो उद्धवकडे वळला. त्याचे डोळे भरले होते. "भाऊ, खरं सांगा. तुमीच दाबलं ना बटन?"

उद्धवनं हातातला घास पानात परत ठेवला. सगळं एकदम त्याच्या डोक्यात लख्ख झालं. रेघ आधीच वर होती. आपण बिघडवायला दाबलं आणि ती खाली आली. नुसता चहा पीत बसलो असतो तर साडू आपोआप बुडाला असता. चष्मा लावून रेघ वर पाहिली असती आणि हात आवरला असता, तरी बुडाला असता. करायला गेलो काय, आणि झालं काय!

"हो," तो म्हणाला. "म्यांच दाबलं."

कुलदीपनं पाटावरून उठून सगळ्यांदेखत त्याचे पाय धरले. कौशल्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. रामराव म्हणाले, "याले म्हंते मोठा जवाई! लायन्याची चूक दिसली, गुपचूप सुधरवली, अन् महिनाभर चकार शबुद नाई. दुसऱ्यानं गावभर दवंडी पिटली असती." आणि त्यांनी उद्धवच्या पाठीवर थाप मारली. दिवाळीपासून ज्या थापेसाठी तो जळत होता तीच थाप. ती पाठीत धपाट्यासारखी बसली.

उद्धवला ते सोसेना. आता तो कुणावर जळत होता? त्या ओसरीवर ज्याचं कौतुक चाललं होतं त्या उद्धवरावावर. तो भला, मोकळ्या मनाचा माणूस, जो तो स्वतः नव्हता. त्याचं कौतुक ऐकून याच्या पोटात नेहमीसारखंच दुखायला लागलं.

"उठ बे," तो कुलदीपवर खेकसला. "माये पाय नोको धरू. मी सुधरवाले नाई, बिघडवाले दाबलं होतं थे बटन! तुयं काम बुडावं म्हनून. मले दिसलंच नाई रेघ कुठं हाये थे. मामाजी, खरं सांगून राह्यलो, मले याचं बरं पाहवत नाई!"

आधी रामराव हसले, मग पौर्णिमा, मग सगळी ओसरी. "पाहा," रामराव डोळे पुसत म्हणाले, "उपकाराचं ओझंबी नाई राहू देत डोक्शावर. कसा बनवून सांगते!" कुलदीप हसता हसता म्हणाला, "भाऊ, तुमी अन् माया वाइटावर? सूर्य पश्चिमेले उगवन."

उद्धवनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. एकालाही त्याचं म्हणणं खरं वाटलं नव्हतं. आयुष्यात एवढं खरं तो पहिल्यांदाच बोलला होता.

तारा हसली नव्हती. ती तुपाची वाटी घेऊन त्याच्या पानापाशी वाकली, धोंड्यावर तूप सोडलं, आणि दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मले खरं वाटते तुमचं."

आणि वाटी घेऊन कुलदीपच्या पानाकडे सरकली.